हमी, जामीन आणि हमीभाव : व्यवहारातील काही इंग्रजी शब्दांची ओळख

(देवास येथे शिक्षक, कार्यालयीन कर्मचारी आणि धार व देवास या जिल्ह्यांतील शेतकरी बांधव यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्रजी शिकणाऱ्यांना अर्थशास्त्रातील प्राथमिक शब्दांची ओळख करून द्यावी, असे संयोजकांनी मला सांगितले आहे. विषय ऐकून पुष्कळांना वाटले असेल की, आता फळ्यावर दोन रकाने आखले जातील. डावीकडे इंग्रजी शब्द व उजवीकडे त्याचा मराठी प्रतिशब्द. असे कोष्टक करणे अवघड नाही. परंतु अनेक वर्षे हा विषय शिकविल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, कोष्टकाने हे शब्द येत नाहीत. अर्थव्यवहारातील शब्दाच्या पोटात बहुधा दोन माणसे बसलेली असतात, एक देणारा व एक घेणारा. आणि बुडीत आली तर ती कोणी सोसावयाची याचा निवाडाही त्या शब्दातच होऊन गेलेला असतो. प्रतिशब्द पाठ झाला तरी हा निवाडा ध्यानात येतोच असे नाही. आणि तो ध्यानात न आल्यामुळे किती नुकसान होते याची उदाहरणे याच भागातील आहेत.

आपण देवासमध्ये जमलो आहोत, त्यामुळे पाठ्यपुस्तक शोधण्यास दूर जावे लागणार नाही. येथील बँक नोट प्रेसची स्थापना १९७४ साली झाली. नाशिकचा नोटांचा छापखाना १९२८ पासूनचा, त्यानंतर देवासचा. तेव्हा ज्यांच्या खिशात शंभराची नोट असेल त्यांनी ती बाहेर काढावी. आपल्या हातातील ही नोट कदाचित येथून दोन मैलांवरच छापली गेली असेल.

नोटेच्या दर्शनी बाजूस इंग्रजीत एक वाक्य आहे. 'आय प्रॉमिस टू पे द बेअरर द सम ऑफ' असे शब्द व पुढे रक्कम. खाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही. या एका वाक्यात अर्थशास्त्राचे अर्धे प्राथमिक व्याकरण आले आहे. 'प्रॉमिस' म्हणजे वचन. 'पे' म्हणजे चुकते करणे. नुसते देणे नव्हे, कारण दान 'पे' केले जात नाही, देणे 'पे' केले जाते. 'बेअरर' म्हणजे धारक, ज्याच्या हातात कागद आहे तो. खाणावळीतील वाढप्यालाही इंग्रजीत हाच शब्द लावतात, म्हणून मुले येथे हसतात; त्यांना हसू द्यावे, शब्द पक्का होतो. 'सम' म्हणजे रक्कम, आणि गणितात त्याचाच अर्थ बेरीज.

ज्यांच्या घरात जुनी पेढी होती त्यांना हे वाक्य परके वाटू नये. आपल्याकडील हुंडीचा मजकूर याच जातीचा असे. दाखविताच पैसे द्यावयाचे ती दर्शनी हुंडी, ठरावीक दिवसांनी द्यावयाचे ती मुदती हुंडी. ज्याच्या नावाची असेल त्यालाच पैसे मिळावयाचे ती धनीजोग, आणि बाजारात पत असलेल्या सावकाराच्या हातीच पैसे पडावयाचे ती शाहजोग. इंग्रजी बँकव्यवहारात धनादेश 'बेअरर' आहे की 'ऑर्डर' आहे असे विचारतात, तेव्हा नेमका हाच प्रश्न विचारलेला असतो : पैसे कोणाच्या हाती पडावयाचे? माळव्यातील पेढ्यांवरच्या मुनिमाला हा फरक इंग्रजी न शिकता ठाऊक होता. आपल्या मुलांना तो इंग्रजीत शिकवावयाचा झाल्यास आधी हुंडी दाखवावी, मग धनादेश.

नोटेवर आणखी एक छोटी ओळ असते, आणि ती सहसा कोणी वाचीत नाही. 'गॅरंटीड बाय द सेंट्रल गव्हर्नमेंट.' हिंदीत तिचे रूप 'केन्द्रीय सरकार द्वारा प्रत्याभूत' असे आहे. 'प्रत्याभूत' हा शब्द किती जणांना समजतो हे मी विचारीत नाही. परंतु 'गॅरंटी' या शब्दाला मराठीत दोन घरगुती शब्द आहेत, हमी आणि जामीन. म्हणजे ओळीचा अर्थ असा की, वचन रिझर्व्ह बँकेने दिले आहे, आणि त्या वचनाला केंद्र सरकार जामीन राहिले आहे. हे जामीनपत्र नुसते शोभेचे नाही. १९३४ च्या रिझर्व्ह बँक अधिनियमाच्या २६ व्या कलमात ते लिहिलेले आहे. एक रुपयाच्या नोटेवर मात्र हे वचन आढळणार नाही, कारण ती नोट रिझर्व्ह बँकेची नसून खुद्द भारत सरकारची असते व तिच्यावर वित्त सचिवांची सही असते.

याच कलमात 'लीगल टेंडर' हा शब्द येतो. कार्यालयातील मंडळींना 'टेंडर' म्हटले की निविदा आठवते. येथे निविदेचा काही संबंध नाही. देणे फेडण्यासाठी पुढे केलेला पैसा, जो घेणाऱ्याला कायद्याने नाकारता येत नाही, तो 'लीगल टेंडर'. आपण त्याला वैध चलन म्हणतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशेच्या व हजाराच्या तत्कालीन नोटांचे हेच लक्षण काढून घेण्यात आले. कागद तोच, छपाई तीच, वाक्यही तेच; पण घेणाऱ्यावरील बंधन गेले. त्या दिवसांत ज्यांनी रांगा लावल्या त्यांना 'लीगल टेंडर' या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागणार नाही.

नोटेच्या मागील बाजूस पंधरा भाषांची जी पट्टी आहे तिच्यात मल्याळमच्या खाली मराठीची ओळ आहे. मुलांना ती शोधून काढण्यास सांगावे. या कामात त्यांना फार आनंद होतो, असा माझा अनुभव आहे.

आता 'गॅरंटी' हाच शब्द दुसऱ्या एका कागदावर पाहू.

धार जिल्ह्यात बदनावरच्या बाजूला माझे एक मामा राहत असत. मराठी व मोडी उत्तम, हिंदी कामापुरती, इंग्रजी मात्र सहीपुरतीसुद्धा नाही. सही ते मोडीवळणाच्या देवनागरीत करीत. गावातल्या एका शेजाऱ्याने ट्रॅक्टरसाठी कर्ज काढले. त्या वेळी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात मामा त्याच्याबरोबर गेले. छापील इंग्रजी कागदाच्या तळाशी एका रेघेवर बोट ठेवून त्यांना सही करण्यास सांगण्यात आले. त्यांनी ती केली. पुढे शेजाऱ्याचे हप्ते थकले, आणि तीन वर्षांनी नोटीस आली ती मामांच्या नावे.

मी सुटीत गेलो होतो. मामांनी नोटीस माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "अरे, मी तर साक्षीला उभा होतो. साक्षीदाराकडे कोणी पैसे मागतो का?"

मी मूळ कागदाची प्रत मागवून पाहिली. ज्या रेघेवर त्यांची सही होती तिच्याखाली 'गॅरंटर' हा शब्द छापलेला होता. साक्षीदारासाठी इंग्रजीत 'विटनेस' असा वेगळा शब्द आहे, आणि ती रेघ त्याच कागदावर दोन इंच खाली होती. दोन इंचांच्या अंतरात केवढा फरक पडतो! 'विटनेस' म्हणतो, ही सही माझ्यासमोर झाली. 'गॅरंटर' म्हणतो, याने दिले नाही तर मी देईन.

१८७२ च्या भारतीय करार अधिनियमात या नात्याची व्याख्या १२६ व्या कलमात आहे. तेथे तीन माणसे उभी केली आहेत. पैसे देणारा तो 'क्रेडिटर', मराठीत धनको. पैसे घेणारा तो 'प्रिन्सिपल डेटर', मूळ ऋणको. आणि त्याच्यासाठी बांधला जाणारा तो 'शुअरटी', म्हणजे जामीन. छापील नमुन्यात त्यालाच बहुधा 'गॅरंटर' म्हटलेले असते. पुढे १२८ वे कलम सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर जामिनाची जबाबदारी ऋणकोच्या जबाबदारीएवढीच असते. इंग्रजी शब्द 'को-एक्स्टेन्सिव्ह' असा आहे. शब्द लांबलचक आहे, परंतु अर्थ एका ओळीत सांगता येतो : मुद्दल जेवढे त्याचे तेवढेच याचे, व्याज जेवढे त्याचे तेवढेच याचे. आधी ऋणकोची सर्व मालमत्ता संपू द्या, मग माझ्याकडे या, असे जामिनाला सर्वसाधारणपणे म्हणता येत नाही. आपल्याकडील समजूत मात्र नेमकी तीच असते.

मामांनी पैसे भरले. त्यासाठी दोन बिघे जमीन गेली. जी गोष्ट त्या वेळी त्यांना कोणी सांगितली नाही, आणि मलाही पुरती ठाऊक नव्हती, ती याच अधिनियमाच्या १४० व्या कलमात आहे. जामिनाने देणे चुकते केले की, धनकोचे ऋणकोविरुद्ध जे जे हक्क होते ते सर्व जामिनाकडे येतात. म्हणजे त्या ट्रॅक्टरवर त्या संस्थेचा जो हक्क होता तो पैसे भरल्या दिवशी मामांकडे आला होता. तो त्यांनी कधी मागितला नाही, कारण तो आपल्याला आहे हेच त्यांना माहीत नव्हते. मी हे कलम वाचले तेव्हा ट्रॅक्टर विकला गेला होता आणि मामाही राहिले नव्हते.

ट्रॅक्टरवरून आणखी एक शब्द आठवला. वाहनाच्या नोंदणी पुस्तकात 'हायपॉथिकेशन' अशी नोंद असते. त्याला मराठीत नजरगहाण म्हणतात. वस्तू कर्जदाराच्या अंगणात, वापरही त्याचाच. पण सावकाराची नजर तिच्यावर, आणि देणे फिटेपर्यंत ती विकण्याची मोकळीक नाही. ज्याने हा मराठी शब्द प्रथम योजला त्याला मी मनोमन नमस्कार करतो. जमीन सावकाराच्या ताब्यात देऊन केलेले ते ताबेगहाण, आणि ताबा आपल्याकडे ठेवून केलेले ते नजरगहाण. इंग्रजीतील 'मॉर्गेज', 'प्लेज' व 'हायपॉथिकेशन' यांची कायद्यातील वाटणी अगदी अशीच नाही. परंतु वस्तू कोणाच्या घरी राहणार, हा प्रश्न विचारला की निम्मा गोंधळ संपतो. 'सिक्युरिटी' या शब्दाचे हाल तर विचारू नका. कर्जाच्या कागदावर तो तारण असतो, वृत्तपत्राच्या बाजारपानावर रोखे असतो, आणि कारखान्याच्या फाटकावर तो चक्क पहारेकरी असतो. 'इंटरेस्ट'चेही तसेच. पासबुकात त्याचा अर्थ व्याज आणि जमिनीच्या दस्तात हितसंबंध. 'प्रिन्सिपल'चा एक अर्थ मुद्दल आहे. दुसरा कोणता, ते येथे बसलेल्या शिक्षकांना ठाऊक आहेच. मात्र 'प्रिन्सिपल डेटर'मध्ये हे दोन्ही अर्थ नाहीत. तेथे त्याचा अर्थ मूळचा, मुख्य, एवढाच.

कर्जाची गोष्ट निघाली आहे तर या गावच्या इतिहासाकडे थोडे वळण्याची परवानगी द्यावी. मराठीत देवासच्या दोन पवार संस्थानांना थोरली पाती व धाकटी पाती म्हणत आले आहेत. इंग्रजी कागदपत्रांत 'सीनिअर ब्रँच' व 'ज्युनिअर ब्रँच' असे म्हटलेले आढळते. इंग्रजांनी शब्द झाडाचा घेतला, आपण व्यापाराचा. पाती म्हणजे धंद्यातील वा मिळकतीतील वाटा. पातीदार म्हणजे भागीदार. 'शेअर', 'पार्टनर', 'पार्टनरशिप' हे शब्द देवासच्या मुलाला शिकविताना आपल्या गावाच्या जुन्या नावापासून सुरुवात करता येते, ही सोय इतर किती गावांना आहे?

थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव तरुण असताना, १९०७ साली, त्यांचे शिक्षक म्हणून माल्कम डार्लिंग नावाचे इंग्रज अधिकारी येथे आले. पुढे त्यांची नेमणूक पंजाबात झाली आणि १९२५ मध्ये त्यांनी तेथील शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावर एक ग्रंथ लिहिला. भारतीय शेतीच्या अर्थशास्त्रात तो अजून वाचला जातो. त्यातील एक विचार मला महत्त्वाचा वाटतो. कर्ज केवळ दारिद्र्यामुळे वाढते असे नाही. जमिनीची किंमत वाढली की शेतकऱ्याची पत वाढते, आणि पत वाढली की कर्जही वाढते. इंग्रजीत 'क्रेडिट' आणि 'डेट' हे वेगळे शब्द आहेत, परंतु ते एकाच व्यवहाराचे दोन चेहरे आहेत. सावकाराच्या वहीत जे येणे, तेच ऋणकोच्या वहीत देणे. दैवगती अशी की, त्याच डार्लिंगसाहेबांच्या विद्यार्थ्याच्या संस्थानाची तिजोरी पुढे रिकामी झाली. १९३३ च्या अखेरीस महाराज पाँडिचेरीस निघून गेले व १९३७ मध्ये तेथेच वारले. 'इनसॉल्व्हन्सी' या शब्दाला आपण दिवाळखोरी म्हणतो. तो शब्द राजालाही सोडीत नाही.

'क्रेडिट'वरून जमाखर्चाचा एक मुद्दा शिक्षकांसाठी सांगून पुढे जातो. आपल्या देशी कीर्दीत डावी बाजू जमेची व उजवी नावेची असते. इंग्रजी खात्यात डावी बाजू 'डेबिट'ची व उजवी 'क्रेडिट'ची. 'क्रेडिट' म्हणजे जमा व 'डेबिट' म्हणजे नावे असे सांगून मोकळे झालो की, मुले बाजू उलट्या पाहून गोंधळतात. शंभर रुपये पेटीत आले तर देशी कीर्द विचारते, कोणी दिले? आणि देणाऱ्याच्या नावाने जमा करते. इंग्रजी रोख खाते विचारते, कोणात आले? आणि रोख खात्याला 'डेबिट' करते. दोन्ही पद्धती बरोबरच आहेत, फक्त प्रश्न निराळा आहे. बँकेच्या पासबुकात आपली ठेव 'क्रेडिट' का दिसते, हेही यावरून उलगडते : ती वही आपली नसून बँकेची आहे आणि तिच्या दृष्टीने देणारे आपण आहोत.

आता तिसरा कागद. तो येथे जमलेल्या शेतकरी बांधवांच्या सर्वाधिक परिचयाचा आहे.

सोयाबीन हे या दोन्ही जिल्ह्यांचे खरिपाचे मुख्य पीक. त्याला सरकार दरवर्षी जी किंमत जाहीर करते तिला इंग्रजीत 'मिनिमम सपोर्ट प्राइस' म्हणतात. हिंदीत न्यूनतम समर्थन मूल्य, आणि मराठीत आपण सर्रास हमीभाव म्हणतो. येथे थोडे थांबले पाहिजे. 'सपोर्ट' म्हणजे आधार, टेकू. इंग्रजी शब्दात हमी नाही. 'गॅरंटी' हा शब्द त्यात कोठेही आलेला नाही. मराठी शब्दाने इंग्रजी शब्दापेक्षा अधिक मोठे वचन देऊन ठेवले आहे. नोटेवरील हमी अधिनियमातील कलमावर उभी आहे. माझ्या मामांची हमीसुद्धा अधिनियमातील कलमानेच त्यांच्या गळ्यात पडली. या आधारभावामागे मात्र तसे कलम नाही. तो शासनाच्या निर्णयाने जाहीर होतो व शासनाच्या खरेदीने टिकतो. जेथे खरेदी होत नाही तेथे बाजारभाव त्याच्या खाली जाऊ शकतो, आणि जातो. २०२० व २०२१ मधील शेतकरी आंदोलनात आधारभावाला कायद्याची हमी द्यावी अशी मागणी झाली, तिचा अर्थ हा फरक ध्यानात घेतल्यावाचून कळत नाही. ज्याला 'हमीभाव' एवढाच शब्द ठाऊक आहे तो विचारील, आहेच तर मग आणखी कसली हमी मागतात? हमीभाव हा शब्द आता रूढ झाला आहे, तो बदला असे मी म्हणत नाही. वर्गात शिकविताना मात्र 'सपोर्ट' म्हणजे आधार असेच सांगावे, आणि 'गॅरंटी'साठी हमी हा शब्द राखून ठेवावा.

हा भाव ठरविताना 'कॉस्ट' विचारात घेतात. 'कॉस्ट' आणि 'प्राइस' या दोहोंना बोलताना आपण किंमतच म्हणतो, ते बरे नव्हे. 'प्राइस' म्हणजे विकताना मिळते ती किंमत वा भाव. 'कॉस्ट' म्हणजे पिकविण्यास पडतो तो खर्च. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या आयोगाच्या नावात प्रथम 'प्राइसेस' एवढाच शब्द होता, 'कॉस्ट्स' हा शब्द १९८५ साली आला. आणि खर्च म्हणजे तरी कोणता? बियाणे, खत, मजुरी असा खिशातून गेलेला पैसा एक. घरच्या माणसांनी शेतात केलेल्या श्रमाचे मोल धरले तर दुसरा. स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलाचे व्याजही धरले तर तिसरा, आणि तो सर्वांत मोठा. न दिलेल्या पण हिशेबात धरलेल्या अशा खर्चाला इंग्रजीत 'इंप्यूटेड' म्हणतात. खर्चाच्या दीडपट भाव अशी घोषणा ऐकली की आधी विचारावे, कोणत्या खर्चाच्या? सरकार आज जो दीडपटीचा हिशेब करते तो दुसऱ्या खर्चावर, आणि शेतकरी संघटना मागतात तो तिसऱ्यावर.

आता त्या शब्दाकडे येतो ज्याने मला या भाषणाची कल्पना दिली. ऑक्टोबर २०१७ मध्ये मध्य प्रदेश शासनाने भावांतर भुगतान योजना सुरू केली. आधारभाव व बाजारातील भाव यांतील अंतर शेतकऱ्याच्या खात्यात जमा करावयाचे, अशी ती योजना. सोयाबीनचा त्या वर्षीचा आधारभाव बोनस धरून क्विंटलला ३,०५० रुपये होता. सर्वांना वाटले, ज्याने २,३०० ला विकले त्याला ७५० मिळतील. ते तसे नव्हते. योजनेत 'मॉडल रेट' नावाचा एक दर होता.

हिंदी वृत्तपत्रांत आणि मंडीच्या फलकांवर तो 'मॉडल' असाच लिहिला गेला. मॉडल म्हणजे नमुना, आदर्श. पुष्कळांची समजूत झाली की हा सरकारने ठरविलेला आदर्श भाव आहे. मूळ इंग्रजी शब्द 'मोडल' असा आहे, आणि तो 'मोड' या संख्याशास्त्रातील शब्दापासून आला आहे. मराठीत त्याला बहुलक म्हणतात. शाळेच्या गणिताच्या पुस्तकात मध्य व मध्यक यांच्या शेजारी तो असतो. ज्या भावाने बाजारात सर्वांत अधिक माल विकला गेला तो त्या दिवसाचा बहुलक भाव. मंडीच्या दैनिक भावपत्रकात तीन रकाने असतात, सर्वांत कमी, सर्वांत जास्त आणि 'मोडल'. आदर्शाशी त्याचा काही संबंध नाही. योजनेसाठी मध्य प्रदेशाबरोबर इतर दोन राज्यांतील बहुलक भावही घेऊन त्यांवरून एक दर काढीत. ऑक्टोबर २०१७ साठी सोयाबीनचा तो दर २,५८० रुपये निघाला.

नियम असा होता. विक्री या दराहून अधिक भावाने, परंतु आधारभावाहून कमी भावाने झाली असेल, तर प्रत्यक्ष विक्रीभाव व आधारभाव यांतील अंतर मिळावयाचे. विक्री त्याहून खाली झाली असेल, तर आधारभावातून २,५८० वजा करून जे उरते तेवढेच, म्हणजे ४७० रुपये मिळावयाचे. फळ्यावर मांडून पाहू. एकाने २,८०० ला विकले. त्याला २५० मिळाले, एकूण ३,०५०. दुसऱ्याने २,३०० ला विकले. त्याला ४७० मिळाले, एकूण २,७७०. त्याचे क्विंटलमागे २८० रुपये गेले. ज्याचा माल ओला होता, ज्याला पैशाची निकड होती, ज्याला लहान मंडीत थांबण्यास जागा नव्हती, तोच बहुधा हा दुसरा शेतकरी. तो भांडावयास आला की सांगितले जाई, मॉडल रेट हाच आहे. उत्तर खरे होते, परंतु त्यातला शब्दच ऐकणाऱ्याला वेगळा ऐकू येत होता.

योजना चांगली की वाईट याचा निर्णय देण्यास मी उभा नाही. दर असा बांधण्यामागे कारणही होते : व्यापारी व विक्रेता यांनी संगनमताने भाव मुद्दाम पाडून दाखविला तर सरकारी तिजोरीला भुर्दंड पडू नये. परंतु भाव पडला तर बहुलकाच्या खालचे नुकसान कोणी सोसावे, याचा निवाडा त्या एका शब्दात होता आणि तो शब्द चुकीचा लिहिला गेला. २०२५ मध्ये सोयाबीनचा आधारभाव ५,३२८ रुपये असताना ही योजना पुन्हा आली, आणि 'मॉडल रेट'ही पुन्हा आला. नववीच्या वर्गात बहुलक शिकविताना त्या आठवड्याचे मंडीचे भावपत्रक आणावे, हे मी गणिताच्या शिक्षकांना हात जोडून सांगतो. पुस्तकातील उदाहरण विद्यार्थ्यांच्या बुटांच्या मापांचे असते. ते वाईट नाही, पण या भागातल्या मुलाच्या घरी वर्षाचा पैसा सोयाबीनने येतो.

काही जण मला म्हणतात, हे सगळे शब्द इंग्रजीतून जसेच्या तसे उचलले तर काय बिघडते? मराठीने हा प्रश्न पूर्वीच सोडवून पाहिला आहे. लोकहितवादींनी १८४९ मध्ये या शास्त्रावर मराठीत पुस्तक लिहिले तेव्हा त्याचे नाव 'लक्ष्मीज्ञान' ठेवले. त्यानंतर काही वर्षांतच कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अर्थशास्त्र' हे नाव वापरले आणि तेच टिकले. दोघांनीही शब्द घडविताना वाचणाऱ्याला काय समजेल याचा विचार केला होता. आमच्या कार्यालयीन परिभाषेत तो विचार कधी कधी सुटतो, हे कबूल केले पाहिजे. 'प्रत्याभूत' लिहिणाऱ्याने जामीन राहिलेल्या माणसाला विचारले नसावे. धनको, ऋणको, नजरगहाण, थकबाकी, तारण हे शब्द आपल्या घरातले आहेत. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाच्या हाती ते आधी द्यावेत. मग 'क्रेडिटर' म्हटले की त्याला सावकाराचा चेहरा दिसेल, आणि 'डिफॉल्ट' म्हटले की थकलेला हप्ता आठवेल. संगणकाच्या पडद्यावरील 'डिफॉल्ट' आठवणार नाही.

वेळ बराच झाला आहे. कर्जाच्या छापील जामीनपत्राच्या चाळीस प्रती मी बरोबर आणल्या आहेत. त्यांतील नावे, रकमा व संस्थेचा शिक्का काढून टाकले आहेत. दोघांत एक याप्रमाणे त्या घ्याव्यात. ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी शेतकरी बांधवांच्या शेजारी बसावे आणि दुसऱ्या पानावरील पहिले कलम मोठ्याने वाचावे. 'गॅरंटर' हा शब्द येईल तेथे थांबू, आणि तळाच्या दोन रेघांतील अंतर प्रत्येकाने आपल्या बोटांनी मोजून पाहावे.